पश्चिमेकडचा कोरा भाग

भोजधार तळ, हिमाचल
१४ नोव्हेंबर १९७१

ती. यज्ञेश्वरकाकांना नासिरचा आदाब.

पत्राला सहा महिने उशीर झाला. कारणं देत नाही, नाहीतर आपण ती श्लोकात बसवून परत पाठवाल.

रस्ता बांधणाऱ्यांच्या या तळावर मी एकटाच हवामानवाला. एक बॅरोमीटर, चार तापमापक, पावसाचं नळकांडं आणि खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा एक वातकुक्कुट. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचला आकडे घ्यायचे आणि बिनतारी यंत्रावरून खाली कळवायचे. अब्बा पुण्याच्या कचेरीत टेबलाशी बसून नकाशावर जे आकडे मांडत, ते कुठून तरी कुणीतरी असेच कुडकुडत पाठवत असणार, हे मला इथे आल्यावर कळलं. अब्बा असते तर त्यांना सांगितलं असतं. ते नाहीत, म्हणून आपल्याला.

तळ खिंडीच्या खाली, एका उताराच्या पायथ्याशी आहे. मला धरून एकतीस माणसं. त्यांत सहा बायका, दोन लहान मुलं. उतारावर झाड नाही, एक झुडूपसुद्धा नाही. पूर्वी कधी बर्फ घसरून सगळं पुसलं गेलं असणार. दर वर्षी डिसेंबर लागला की सगळे पाच मैल खालच्या गावात उतरतात. यंदा सरहद्दीवरची हवा तापली आहे, त्यामुळे रस्ता शक्य तितके दिवस उघडा ठेवा असा वरून हुकूम आहे. उतरायचं कधी, हे मात्र मुकादमावर सोडलंय.

मुकादम संभाजीराव. आपल्याकडचेच, कोरेगावचे. रोज चहाला माझ्या तंबूत येतात आणि खांबाकडे बोट दाखवून म्हणतात, "अवो हवामानवाले, तुमच्या त्या कोंबड्याला इचारा की, यंदा बर्फ किती हाय?" मी म्हणतो, कोंबडा आजचं सांगतो, उद्याचं नाही. तर म्हणतात, "मग अंडी तरी द्यायला लावा त्याला."

चेष्टा असली तरी प्रश्न खरा आहे. एकतीस माणसं ठेवायची की उतरवायची? दोन दिवसांचा अंदाज बिनतारीवर येतो. पण तो येईपर्यंत वाट बुजली तर पाच मैल उतरणं व्हायचं नाही. संपूर्ण हिवाळा कसा जाणार, हे सांगणारा माणूस मला एकच माहीत आहे. अब्बा म्हणायचे, "यज्ञेश्वर पहिल्या चार नकाशांवरून सगळा हिवाळा म्हणून दाखवतो." सांगाल?

आनंदीकाकूंना सलाम.

आपला,
नासिर


शुक्रवार पेठ, पुणे
२६ नोव्हेंबर १९७१

चि. नासिर यास यज्ञेश्वरकाकाचे आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी आलं आणि तेव्हापासून हा म्हातारा घरात नाही. म्हणजे देहाने आहे, मन मात्र त्या लांब टेबलापाशी जाऊन बसलंय. उत्तरेच्या खिडकीतला उजेड, ओल्या शाईचा वास, आणि समोर खाली मान घातलेला तुझा बाप. सिराजचे आकडे म्हणजे मोती! टाचणीच्या डोक्याएवढे, आणि एकही दुसऱ्याला चिकटलेला नाही. तो आकडे मांडून नकाशा माझ्याकडे सरकवायचा आणि मी सारख्या दाबाच्या समभाररेषा काढायचो. सव्वीस वर्षं. त्याने माझ्या रेषेला कधी पेन्सिल लावली नाही, मी त्याच्या आकड्याला कधी खोडरबर लावलं नाही. तसा आमचा धर्मच होता.

एकाच गोष्टीवरून भांडायचो. एखाद्या ठाण्याची तार आली नाही की सिराज तिथे कोरं सोडायचा. मी म्हणायचो, अरे, आजूबाजूची रेषा सांगते ना तिथे काय असेल! तो म्हणायचा, "नाही आलं ते नाही आलं." हट्टी माणूस.

आता तुझा प्रश्न. शाळेत आम्हाला वृत्तं शिकवत. गुरुजी एक चरण म्हणत, आणि आम्ही बोटांवर लघुगुरू मोजून सांगत असू, भुजंगप्रयात! मग पुढचे तीन चरण कुठे पडणार, कुठे उचलणार, ते न ऐकता कळे. हिवाळ्याचंही तसंच आहे, बाबा. तुमच्याकडचा बर्फ पश्चिमेकडून येतो. भूमध्य समुद्रावरून निघालेले वादळांचे तांडे इराणवरून, अफगाणांच्या डोंगरांवरून चालत येतात. इराणवर जास्त दाबाचा डोंगर बसला असेल तर तांडा उत्तरेला वळतो आणि तुमचा हिवाळा कोरडा जातो. त्याच जागी कमी दाबाची लांब घळ पडली, तर एकामागून एक सगळे तुमच्या डोक्यावर. वरच्या हवेतली ही रचना एकदा बसली की आठवडे, कधी महिने हलत नाही. म्हणून तर तिच्या भरवशावर बारा दिवसांनी पोचणाऱ्या पत्रातून अंदाज सांगता येतो!

पेपरातला नकाशा मी रोज कापून ठेवतो. गेल्या पंधरवड्याचे नकाशे बघताना मला राहून राहून एक्कावन्न सालचा हिवाळा आठवतोय. तोच डोंगर, त्याच जागी. त्या साली वर कोरडं आणि इथे पुण्यात अशी थंडी की सिराज दोन स्वेटर घालून बसायचा आणि दौतीतली शाई घट्ट व्हायची. अजून दहा दिवसांचे नकाशे पाहू दे. मग छातीवर हात ठेवून सांगतो.

आनंदीबाई म्हणते, "चुलीवरचं दूध कधी उतू जाणार ते यांना कधी कळलं नाही, आणि हिमालयाचं सांगतायत." तिलाही तुझी काळजी आहे, हे तिचं तसं म्हणणं.

तुझा,
यज्ञेश्वरकाका


भोजधार तळ
८ डिसेंबर १९७१

ती. काकांना आदाब.

पत्र काल मिळालं. संभाजीरावांना वाचून दाखवलं. दोन स्वेटरांपाशी आल्यावर ते हसले. म्हणाले, "मानूस जाणता दिसतोय."

लढाई सुरू झाल्याचं रेडिओवर ऐकलंत. बिनतारी यंत्र आता लष्कराच्या निरोपांसाठी. माझे आकडे ते घेत नाहीत आणि खालून अंदाजही येत नाही. मी रोज वहीत लिहितो आणि वही मिटतो.

परवा इथे बैठक झाली. बायका म्हणाल्या, उतरू. पुरुष म्हणाले, रस्ता बंद पडला तर पलीकडे अडकलेल्या तुकडीला धान्य कोण पोचवणार? तेही खरं. गाढवं रोज जातात. शेवटी संभाजीराव म्हणाले, "पुन्याच्या काकांचं उत्तर येऊ द्या. हवामान कोरडं म्हनले तर ऱ्हायचं, न्हाई म्हनले तर त्याच दिशी खाली."

म्हणजे काका, सगळं आपल्या उत्तरावर थांबलंय. हे लिहिताना मला थोडी भीती वाटते. आपण नुसत्या अंदाजाने बोलू नये, असं सांगण्याइतका मी मोठा नाही. पण नकाशात कुठे शंका असेल तर शंका म्हणूनच लिहा. आम्ही शंकेवरसुद्धा उतरू.

आपला,
नासिर


शुक्रवार पेठ, पुणे
१९ डिसेंबर १९७१

चि. नासिर यास आशीर्वाद.

लढाई संपली! काल मंडईत पेढे वाटले. फूलवाल्या गेनबाने मलाही एक झेंडू दिला आणि म्हणाला, "मास्तर, आता तरी हसा." मला सगळे मास्तर म्हणतात. का, ते ठाऊक नाही. बहुधा छत्री धरायच्या पद्धतीवरून.

आता ऐक. नकाशा मी पुरा केला आहे. शंका नाही. हा हिवाळा एक्कावन्नचा जुळा आहे. पहिला चरण तोच, दुसराही तोच पडला. डोंगर इराणवर ठाण मांडून आहे आणि वादळांचे तांडे उत्तरेकडून निघून जातील. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तुमच्याकडे मोठा बर्फ नाही. एखाद-दुसरा शिडकावा होईल, त्याला भिऊ नका. संभाजीरावांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, खुशाल राहा.

किती वर्षांनी असं ठाम वाक्य लिहिलं! निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. आता कुणी विचारत नाही. किराणावाला विचारतो, "मास्तर, पाऊस?" आणि उत्तराआधीच पुडी बांधायला घेतो.

इथे हवा मोठी गोड आहे. संध्याकाळी गच्चीवर उभा राहिलो तर पश्चिमेला सगळं आभाळ पिसापिसांच्या ढगांनी भरलेलं, आणि ती पिसं नैर्ऋत्येकडून हळूहळू डोक्यावर येत असलेली. वाटलं, एखादा प्रचंड राजहंस पंख पसरून चाललाय. शाल लागत नाही, रात्री पांघरूण पायाशी. मंडईतल्या भाजीवाल्यासुद्धा कानाला फडकी न बांधता बसल्यात. असा मऊ मार्गशीर्ष मी लहानपणी आजोळी पाहिला होता. तिथे पडवीत बसून आम्ही कविता म्हणायचो आणि मामा ताल धरायचा. असो. वाहवत गेलो.

तुझ्या अम्मीकडे, नसीमवहिनींकडे, जाऊन येईन आणि तुझी खुशाली सांगेन.

तुझा,
यज्ञेश्वरकाका


भोजधार तळ
२ जानेवारी १९७२

ती. काकांना आदाब.

आपलं पत्र ३१ तारखेला मिळालं. त्याच दिवशी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. तळ राहिला. कुणीतरी डफ काढला आणि लोक नाचले.

आता जे लिहितोय, ते लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला.

२९ तारखेपासून बॅरोमीटर उतरतोय. दर दिवशी थोडा, पण परत चढत नाही. पाच दिवसांत एकदाही चढला नाही. वारा दक्षिणेचा झालाय. काल दुपारी सूर्याभोवती खळं होतं. थंडी कमी झाली, नळकांड्यातलं पाणी सकाळी गोठलेलं नव्हतं. उतारावर नोव्हेंबरातला जुना बर्फ आहे, तो वरून काचेसारखा झालाय. त्यावर नवा पडला तर तो धरून राहील असं वाटत नाही.

आणि आणखी एक. एक्कावन्न साली पुण्यात शाई घट्ट होत होती, असं आपण पहिल्या पत्रात लिहिलंत. यंदा पांघरूण पायाशी, असं दुसऱ्यात लिहिलंत. डोंगर इराणवर असेल तर पुण्याला उत्तरेचा कोरडा वारा हवा ना? आणि आपला राजहंस नैर्ऋत्येकडून का येतोय? मला वाटतं, जिथे आपण डोंगर म्हणताय तिथे घळ आहे. काका, मला वाटतं आपण चुकताय.

हे संभाजीरावांना अजून सांगितलेलं नाही. आपलं पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं, आता आपल्यामागे वेगळं बोलणं मला बरं वाटेना. अब्बांनी सव्वीस वर्षांत आपल्या रेषेला पेन्सिल लावली नाही. मी पहिल्याच हिवाळ्यात कशी लावू? आपण एकदा नकाशा पुन्हा पाहा. आपण "उतरा" म्हणालात तर त्याच क्षणी उतरू. गावातल्या तारेवरून अजून लष्कराचेच निरोप जातात, म्हणून मी पत्र टाकतोय; उत्तर तरी तारेने द्या, पुन्हा बारा दिवस थांबता येणार नाही.

डाकवाला दोन दिवस वर आलेला नाही. उद्या सकाळचे आकडे घेऊन मी स्वतः पत्र टाकायला खाली जातो. परवा परत येईन.

आपला,
नासिर


शुक्रवार पेठ, पुणे
६ जानेवारी १९७२

चि. नासिर यास आशीर्वाद.

घाईत चार ओळी. काल भवानी पेठेत नसीमवहिनींना भेटून आलो. त्यांनी खिमा-पाव पुढे ठेवला, मग आठवलं तसा जीभ चावून उचलला आणि शेवयांची खीर आणली. सिराज असतानाही दर वेळी हेच व्हायचं. त्या विचारत होत्या, "भाईसाहेब, तिकडे बर्फाचं भय तर नाही ना?" मी म्हटलं, "वहिनी, हा हिवाळा मला पाठ आहे." त्यांनी दोन्ही हात कानशिलांना लावून माझी दृष्ट काढली.

तुझं पत्र बरेच दिवस नाही. कळव.

तुझा,
काका


खालचं गाव
२० जानेवारी १९७२

श्री. यज्ञेश्वरकाका यांस,

तार मिळाली असेल. ती मी जिवंत आहे एवढंच सांगण्यासाठी होती. बाकीचं आता लिहितो.

३ तारखेला सकाळी साडेआठचे आकडे घेऊन निघालो. निघताना संभाजीराव म्हणाले, "टपालाला एवढी काय घाई? मनिऑर्डर हाय का सासऱ्याची?" मी हसलो. दुपारी एकला गावात पोचलो, आपलं पत्र पेटीत टाकलं. तीन वाजता बर्फ सुरू झाला. मी लगेच परत निघालो, पहिल्या मैलातच वाट दिसेनाशी झाली आणि गावातल्या दोघांनी मला ओढून आणलं. रात्रभर पडला. ४ तारखेलाही दिवसभर. ५ तारखेला पहाटे लांबून एक आवाज आला. मेघगर्जनेसारखा नव्हता. जड सामानाचा ट्रक उलटावा तसा, आणि मग बराच वेळ काहीच नाही.

वर जायला आम्हाला तीन दिवस लागले. एकोणीस माणसं गेली. सहाही बायका. एक मूल वाचलं, ते गाढवांच्या गोठ्यात झोपलं होतं. संभाजीराव वाचले. त्यांचा उजवा पाय गेला आहे. त्यांनी मला पाहिलं आणि विचारलं, "तुमाला म्हाईत हुतं का?"

मी खरं सांगितलं. म्हटलं, शंका होती. पुण्याला विचारायला गेलो होतो.

त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

चौकशी समिती आली आहे. राहायला हरकत नाही हे कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. मी लिहून दिलं, मी. आपलं नाव दिलेलं नाही. आपण देऊ नये.

नासिर


शुक्रवार पेठ, पुणे
२ फेब्रुवारी १९७२

चि. नासिर यास,

तुझं दोन जानेवारीचं पत्र मला सोळा तारखेला मिळालं. तार आधीच आली होती. पाकीट उघडण्याआधीच मला कळलं होतं की आत काय असेल. तरी मी ते वाचलं. आनंदीबाईने वाचलं आणि घडी घालून परत माझ्या हातात दिलं.

मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली, ती आज लिहितो. "नकाशा पुरा केला" असं मी लिहिलं होतं. नासिर, नकाशा नव्हताच. लढाई सुरू झाल्यापासून आमच्या पेपरात तो येईनासा झाला. मी पाठकोऱ्या कागदावर हिंदुस्थानची आणि पलीकडची बाह्यरेषा काढली. इकडचे थोडे आकडे रेडिओवरून, बातम्यांतून, अंदाजपंचे मिळाले. पश्चिमेचं एकही ठाणं नव्हतं. तिथे सगळा कोरा भाग होता आणि त्यात मी एक्कावन्नच्या रेषा काढल्या. पाठ होत्या. आनंदीबाई शेजारी बसून मटार सोलत होती. ती म्हणाली, "पेपरात नकाशा नाही, मग तुम्ही बघता काय?" मी म्हटलं, "तुला त्यातलं कळायचं नाही."

मागच्या आठवड्यात धीर करून जुन्या कचेरीत गेलो. आता तिथे श्यामला नावाची एक तरुण अधिकारी बसते. मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं. मी विनंती केली तेव्हा तिने लढाईनंतर मागाहून गोळा झालेल्या आकड्यांचे डिसेंबरचे नकाशे टेबलावर पसरले. मी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. दहा डिसेंबरपासून इराणवर घळ आहे. इतकी खोल की तिचं टोक अरबी समुद्रात उतरलंय, आणि तिथून दमट हवा पुण्यावरून थेट तुमच्याकडे चालली आहे. माझ्या गच्चीवरून. मी ती पाहिली, तिला राजहंस म्हटलं, आणि तुला लिहून पाठवली. श्यामला म्हणाली, "अगदी पाठ्यपुस्तकातलं उदाहरण आहे, नाही?" मी होय म्हटलं.

का केलं, ते स्वतःला विचारतोय. नऊ वर्षांनी कुणीतरी मला विचारलं होतं. "शंका आहे" असं लिहिलं असतं तर ते किराणावाल्याच्या पुडीइतकं सामान्य झालं असतं. तू तर विनवून लिहिलं होतंस, शंकेवरसुद्धा उतरू. मी त्या वाक्यावरून पुढे गेलो, कारण मला माझं वाक्य लिहायचं होतं. आता हेही मी सजवून लिहितोय की काय, कळत नाही. सवय जात नाही.

चौकशी समितीला मी आज रजिस्टर पत्राने सगळं कळवलं आहे. माझ्या १९ तारखेच्या पत्राचा मजकूरही. तू नको म्हणालास तरी.

नसीमवहिनींकडेही गेलो. दारातच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, दार लावलं नाही, आत बोलावलंही नाही. मग म्हणाल्या, "त्या बायकांच्या आयांना कुणी कळवलं का?" मला ते माहीत नव्हतं.

यज्ञेश्वर


खालचं गाव
१८ मार्च १९७२

श्री. यज्ञेश्वरकाका यांस,

आपलं रजिस्टर पत्र समितीने माझ्याच हातात दिलं. वर शेरा आहे : "निवृत्त इसमाच्या खासगी पत्रव्यवहाराची दखल घेण्याचे कारण नाही." माझ्या कागदांवर वेगळा शेरा आहे : "हंगामाचा अंदाज वर्तवणे हे निरीक्षकाचे काम नव्हते." नोकरी राहिली आहे. कुणालाच काही झालं नाही, असा त्याचा अर्थ.

आपण स्वतःला दोष देताय. द्या. पण सगळा घेऊ नका, त्यातला माझा मला राहू द्या. आपली रेषा चुकली. माझे आकडे बरोबर होते, आणि ते घेऊन मी पोस्टात गेलो. संभाजीराव माझ्या तंबूपासून चाळीस पावलांवर होते.

अब्बा आपल्या रेषेला हात लावत नसत, हे खरं. पण त्यांच्या नकाशाखाली कुणी झोपलेलं नव्हतं.

अम्मीने विचारलं म्हणून लिहितो. सहापैकी चार बायकांच्या घरी मी जाऊन आलो. दोघींचं गाव कुणालाच ठाऊक नाही.

काही दिवस मला लिहू नका.

नासिर


खालचं गाव
११ डिसेंबर १९७२

ती. काकांना आदाब.

नऊ महिन्यांनी लिहितोय. अम्मीच्या पत्रातून कळलं की आपण तिच्याकडे दर शुक्रवारी जाता आणि पायरीवर बसून परत येता. आता ती आत बोलावते, असंही कळलं.

यंदा तळ दोन मैल खाली हलवलाय. उतार तिथेही आहे, पण देवदारांचा. माणसं अठ्ठावीस. संभाजीराव कुबडी घेऊन परत आले आहेत. दुसरं काम येत नाही म्हणतात. आमचं बोलणं कामापुरतं.

१ तारखेपासून बॅरोमीटर उतरत होता. वारा फिरला, दक्षिणेचा झाला. बिनतारीवरचा अंदाज दोन दिवसांचा, आणि त्यात पश्चिमेच्या तीन ठाण्यांची तार नव्हती. मी नकाशा काढला आणि तिथे कोरं सोडलं. कोऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग संभाजीरावांच्या तंबूत गेलो आणि म्हटलं, मला खात्री नाही, पण सगळ्यांना आज उतरवा. ते म्हणाले, "खात्री न्हाई, तर कशाला?" मी म्हटलं, त्याचसाठी.

उतरवलं. गाढवं, भांडी, एक बाळंतीण, सगळं.

आज सातवा दिवस. बर्फ पडलेला नाही. आभाळ इतकं निळं की डोळे दुखतात. पोरं मला पाहून खांद्यावर बर्फ झटकल्याची नक्कल करतात. संभाजीराव आज सकाळी कुबडीवर रेलून गावच्या चावडीसमोर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय हवामानवाले, कुठं हाय तुमचा बर्फ? का टपालानं मागवलाय?"

लोक हसले. मीही हसलो. वर्षभराने ते माझ्याशी चेष्टेने बोलले.

वर परत कधी जायचं ते ठरलेलं नाही. पुढच्या वेळी मी उतरा म्हटलं तर कदाचित कुणी ऐकणार नाही. तेव्हा पुन्हा सांगेन.

या वेळी मी आपल्याला विचारलं नाही, काका. फक्त कळवतोय. अठ्ठावीस माणसं खाली आहेत.

आपला,
नासिर